दात्याला मधुमेह होता म्हणून मूत्रपिंड बाद?

मृत दात्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर प्रत्यारोपणासाठी त्याचं मूत्रपिंड घेऊच नये, असं काहीजण म्हणतात. इतकं सरसकट नसतं हो. आजार किती वर्षांचा, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय हे दाखवणारा रक्तातला घटक) किती, लघवीतून प्रथिनं जात होती का, हे बघतात. शंका आली तर बायॉप्सी करून, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त गाळणाऱ्या किती सूक्ष्म गाळण्या निकामी झाल्यात तेही मोजतात. असं मूत्रपिंड कधीकधी उशिरा कामाला लागतं, तोवर डायलिसिस चालू ठेवावं लागतं. टिकतंही सरासरीने कमी. तरीही वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहण्यापेक्षा अनेक वयस्कर रुग्णांना ते नक्कीच फायद्याचं ठरतं. यकृताचं वेगळं. त्यात चरबी फार असेल तर काढल्यापासून बसवेपर्यंतचा बर्फातला काळ त्याला सोसत नाही. हिपॅटायटिस सी (यकृताला होणारा विषाणूसंसर्ग) असलेल्या दात्याचे अवयव मात्र आता वापरता येतात, कारण घेणाऱ्याला साधारण ८ ते १२ आठवडे गोळ्या देऊन तो विषाणू घालवता येतो.