एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 98, तरीही हृदयाच्या धमनीत अडथळा. दादाच्या ताणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. माझा मोठा भाऊ 48 वर्षांचा आहे. तंबाखू-सिगारेट नाही, शुगर नाही, बीपी थोडं वरच्या अंगाला. गेल्या महिन्यात जिना चढताना छाती भरून आली म्हणून अँजिओग्राफी केली, तर एका धमनीत 60 टक्के अडथळा निघाला. स्टेंटची गरज नाही म्हणाले, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू आहे. औषधांबद्दल शंका नाही. पण डॉक्टर "ताण घेऊ नका" एवढंच म्हणाले, आणि मी तिथेच अडकले आहे.

साडेतीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायू झाला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अकरा, एक, तीन, पाच, सगळे गजर दादाचे. दिवाळीत राहायला गेले तेव्हा पाहिलं, गजर वाजायच्या आधीच तो उठून बसलेला असतो. आधी चादरीखाली हात घालून ओल बघतो, मग अण्णांना वळवून पाठीशी उशी लावतो. पुन्हा पडला की झोपेत करकर दात खातो. सकाळी नऊला दुकान उघडायचं असतंच.

यावर वाचलं तेव्हा कळलं की हे नुसतं 'मनाचं' नाही. सतत ताण आणि तुटक झोप असली की अस्थिमज्जा जास्त पांढऱ्या पेशी तयार करते. त्या धमनीच्या भिंतीत शिरून तिथलं कोलेस्टेरॉल गिळतात, फुगतात आणि दाह धुमसत राहतो. असा साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या थराचं वरचं आवरण पातळ होऊन फाटलं की रक्ताची गुठळी. 2017 च्या कँटॉस चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्णांत एलडीएल न उतरवता फक्त दाह कमी केला, तरी झटके वगैरे सुमारे 15 टक्क्यांनी घटले. त्या औषधाने जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे तसलं काही मला नकोच आहे.

दादाचा एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) 4.6 आला. 3 च्या वर म्हणजे जास्त. पण त्या आठवड्यात त्याची हिरडी सुजली होती, त्यामुळे तेवढ्यानेही वाढला असेल. हिरडी बरी झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायचा विचार आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या डॉक्टरांनी सीआरपी बघून उपचारात काही बदल केला का? गाउटवरचं (एक प्रकारच्या सांधेदुखीवरचं) दाह कमी करणारं कोल्चिसिन कमी मात्रेत हृदयासाठी कुणाला दिलंय का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हवा आलटून-पालटून भरणारी एअरबेड घेतली तर रात्री कूस बदलण्याचं अंतर किती वाढवता आलं, तुमचा अनुभव सांगा. सांगली-मिरजेकडे रात्रपाळीचे केअरटेकर कसे मिळतात? पैसे मी देणार आहे, पण दादा परक्या माणसाच्या हाती अण्णांना सोपवायला तयार होत नाही. ज्यांच्या घरी असंच होतं, त्यांनी कसं समजावलं?

आठवड्यातल्या तीन रात्री जरी त्याला सलग झोप मिळाली तरी मला चालेल.