आपल्याच कार्यकारी मंडळाच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न : कार्यवाह, शिक्षण संस्था, दापोली तालुका

नमस्कार. आमची संस्था खाडीकाठच्या गावात माध्यमिक शाळा आणि वाचनालय चालवते. कार्यकारी मंडळावर पंधरा सदस्य आहेत. निम्म्याहून अधिक मुंबई-ठाण्याला राहतात आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतात. बाकीचे गावातच असून रोजची धावपळ त्यांच्याच वाट्याला येते. मंडळ स्वतःच्या कामाचे मूल्यमापन करते का, असे एका देणगीदाराने यंदा विचारले. त्यावरून एक तयार प्रश्नावली मिळवून आम्ही सर्वांना वाटली. ‘संस्थेचे ध्येय सदस्यांना स्पष्ट आहे’, ‘मंडळाची देखरेख परिणामकारक आहे’ अशा विधानांपुढे एक ते पाच गुण द्यायचे होते. जवळपास सर्वांनी चार किंवा पाच गुण दिले. सरासरी काढून ती सभेत वाचून दाखवली आणि सर्वानुमते नोंद घेतली.

मला हे पुरेसे वाटत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा मुंबईकर सदस्यांनी निधी झपाट्याने उभा केला. परंतु दुरुस्तीचे काम कोणाला द्यायचे हे ठरेपर्यंत पुढचा पावसाळा तोंडावर आला. असे का झाले, हे त्या प्रश्नावलीतून कधीच कळणार नाही. मंडळातले बरेच जण एकमेकांचे भाऊबंद आहेत, त्यामुळे कोणाला न दुखावता खरे बोलणे कसे घडवून आणावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : सनदी लेखापाल, रत्नागिरी

प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवा आणि संस्थेच्या कपाटातले कागद काढा. मंडळाच्या कामाविषयीची बरीच उत्तरे आपल्या लेखापरीक्षण अहवालात दरवर्षी येत असतात, पण सदस्य ताळेबंद पाहून अहवाल मिटतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या १९५१ च्या नियमांतील नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला हिशेबाखेरीज आणखी काही गोष्टी लिहाव्या लागतात : नियमावलीप्रमाणे सभा नियमित होतात का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, विश्वस्तांची संख्या ठरलेल्या मर्यादेत आहे का, कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, आणि मागील वर्षी दाखवलेल्या त्रुटी विश्वस्तांनी दूर केल्या का. हे सगळे प्रश्न शाळेबद्दलचे नसून मंडळाबद्दलचे आहेत. गेल्या काही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. एकच शेरा दरवर्षी तसाच उतरत असेल, तर पहिला निष्कर्ष हाती आला असे समजा.

दुसरा कागद म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत संस्थेची आणि तिच्या विश्वस्तांची जी नोंद असते तिची प्रत. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती, तिथे दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात दिवंगत झालेल्या विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यावर राहिलेली मी अनेकदा पाहिली आहेत, आणि जमीन विकण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ३६ ची परवानगी मागण्याची वेळ आली की मग सगळ्यांची धावाधाव होते. मात्र एवढ्यावर थांबू नका. कागदोपत्री निर्दोष असलेले मंडळ प्रत्यक्षात झोपलेले असू शकते.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापिका, देवगड

कार्यवाह महोदय, आपल्या चक्रीवादळाच्या उदाहरणातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ‘मंडळ कसे काम करते’ असे मोघम विचारले की माणसे मोघम आणि गोड उत्तर देतात. शिवाय पुष्कळ सदस्य दहावीचा निकाल सांगू लागतात, जे शिक्षकांचे काम आहे. मंडळाचे काम निर्णय घेणे, पैशावर लक्ष ठेवणे, मुख्याध्यापकांना पाठबळ देणे आणि त्यांना जाब विचारणे हे आहे. म्हणून घडलेल्या निर्णयांपासूनच सुरुवात करावी.

जिल्ह्यातील काही संस्थांना मी या कामात मदत केली आहे. माझी पद्धत अशी की, गेल्या दोन वर्षांचे इतिवृत्त घेऊन प्रत्येक विषयापुढे पेन्सिलीने नोंद करायची : विषय कोणी आणला, त्याचे कागद सभेपूर्वी सदस्यांना मिळाले होते का, ठराव नेमका काय झाला, आणि तो अमलात आल्याची नोंद पुढे कुठे सापडते. एका वाचनालयाच्या वहीत छपराच्या गळतीचा विषय लागोपाठ पाच सभांत होता आणि प्रत्येक वेळी शेवटचे वाक्य तेच होते : ‘सविस्तर चर्चा झाली. पुढील सभेत निर्णय घ्यावा.’ ती पाच पाने समोर ठेवल्यावर कोणालाही दोष द्यावा लागला नाही. अंदाजपत्रक मागवण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नव्हती, हे अध्यक्षांनी स्वतःच वाचून ओळखले.

दोन जागा विशेष काळजीने पाहाव्यात. पहिली ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. खर्चाचे मोठे ठराव तिथे सापडू लागले, तर बाकीचे सदस्य तयारीविना हात वर करत आहेत असे समजावे. दुसरी जागा म्हणजे गणपूर्तीअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतलेल्या सभा. बहुतेक नियमावल्यांत ही सोय असते आणि ती वापरणे गैर नाही. पण दर सभा तशीच होत असेल, तर संस्था चार माणसे चालवत आहेत आणि पंधरांची नावे केवळ लेटरहेडवर आहेत, हे स्पष्टपणे बोलायला हवे.

चिठ्ठ्यांवर नाव नसले तरी गावात अक्षर ओळखू येते. त्यामुळे लेखी उत्तरांऐवजी बाहेरच्या, पण संस्थेविषयी आस्था असलेल्या व्यक्तीने प्रत्येक सदस्याशी एकेकटे बोलावे आणि जे ऐकले ते नावे न सांगता एकत्र मांडावे. दोन-तीनच प्रश्न पुरतात : मंडळाचा कोणता निर्णय आज फिरवावासा वाटतो, कोणत्या विषयावर आपण सभेत गप्प राहिलात आणि का. मुख्याध्यापक आणि लिपिक यांनाही अवश्य विचारावे, कारण मंडळाचा उशीर सर्वांत आधी त्यांच्या टेबलावर येतो. अध्यक्षांची मनापासून संमती मिळेपर्यंत मात्र यातले काहीही सुरू करू नये.

उत्तर ३ : विश्वस्त, ग्रामविकास मंडळ, गुहागर तालुका (मुक्काम ठाणे)

मॅडमचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण नावे पूर्णपणे झाकण्याला माझा विरोध आहे. उपस्थिती ही नावानिशीच मांडली पाहिजे. आम्हा मुंबईकर सदस्यांना देणगी गोळा करून दिली की कर्तव्य झाले असे वाटते, आणि ती समजूत आकडा समोर आल्याशिवाय सुटत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पत्र्यांचे काम रखडले ते आळसामुळे नसावे; किती रकमेपर्यंतचा निर्णय गावातल्या सदस्यांनी घ्यायचा, हेच ठरलेले नसावे. आमच्याकडे मुंबई कार्यकारिणी आणि स्थानिक समिती यांच्यात हाच तिढा होता. खर्चाची मर्यादा ठरावाने लिहून दिल्यावर किरकोळ दुरुस्त्यांसाठी मुंबईला फोन येणे थांबले. नैसर्गिक आपत्तीत कोणी, किती रुपयांपर्यंत आणि कोणाला कळवून खर्च करावा, हे मूल्यमापनात आवर्जून तपासा.

कार्यवाह (मूळ प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खर्चाची मर्यादा आमच्या नियमावलीत खरोखरच कुठे नाही, हे आजच पाहिले. उपस्थितीचा तक्ता नावानिशी करेन. सर्व सदस्य गणपतीत गावी असतात, तेव्हाच ही चर्चा ठेवावी का?

निवृत्त मुख्याध्यापिका, देवगड

उपस्थितीपुरते ठाण्याच्या विश्वस्तांचे म्हणणे मला पटले. नावे जरूर असावीत. गणपतीत मात्र चर्चा ठेवू नये. घरोघरी पाहुणे, आरत्या, भजने, आणि मुंबईकरांचे अर्धे लक्ष परतीच्या गाडीच्या आरक्षणात असते. पावसाळ्यात फोनवर एकेकाशी बोलून घ्यावे आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असताना पूर्ण दिवस या एकाच विषयाला द्यावा. शेवटी तीनच बदल ठरवा, प्रत्येकापुढे एका सदस्याचे नाव आणि तारीख लिहा, आणि पुढील प्रत्येक सभेत इतिवृत्त कायम केल्यानंतरचा पहिला विषय तोच ठेवा.