टिफनीचे ब्रेसलेट: चांदी खरी, पण दागिना खरा का?

प्रश्न – राजारामपुरीकर

नमस्कार. भाचीला लग्नात देण्यासाठी मी महिन्यापूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून टिफनी अँड कंपनी या अमेरिकन दागिने कंपनीचे म्हणून सांगितलेले चांदीचे ब्रेसलेट घेतले. साखळीला बदामाच्या आकाराचा तुकडा लटकवलेला असून त्यावर ‘प्लीज रिटर्न टू टिफनी अँड कंपनी, न्यूयॉर्क’ अशी अक्षरे आणि 925 हा आकडा आहे. गुजरीतील आमच्या नेहमीच्या सराफांनी कसोटीवर घासून चांदी चांगल्या टंचाची असल्याचे सांगितले. मात्र ‘चांदीचे मी सांगतो, कंपनीचे मला विचारू नका,’ असेही ते म्हणाले. भिंगातून पाहिल्यावर काही अक्षरांच्या कडा पसरट दिसल्या आणि बदामाच्या मागे सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रे आढळली. विक्रेत्याने मूळ दुकानाची पावती दिलेली नाही. आता नेमके काय तपासावे?

प्रतिसाद – हुपरीचा कारागीर

आपल्या सराफांनी अगदी योग्य उत्तर दिले आहे. कसोटी धातूचे सांगते, घडवणाऱ्याचे सांगत नाही, आणि बनावट दागिना खऱ्या चांदीचाही असू शकतो, कारण नक्कल करणाऱ्याची खरी कमाई धातूत नसून नावात असते.

ती दोन छिद्रे मला महत्त्वाची वाटतात. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. ओतकामात काळजी घेतली नाही, तर अशी छिद्रे राहतात. नक्कल करणारे बहुधा अस्सल दागिन्यावरूनच रबराचा साचा काढतात, त्यात मेण भरतात आणि त्या मेणावरून चांदी ओततात. या प्रत्येक टप्प्यावर माल थोडा आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ दागिन्यापेक्षा किंचित लहान भरते, आणि अक्षरांच्या तळाशी असलेला धारदार कोपरा बुजतो. तुम्हाला पसरट दिसलेल्या कडा याच प्रकारच्या असाव्यात. साखळीच्या प्रत्येक कडीच्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. आमच्या घरी पैंजणाची कडी झाळून सांधा घासल्यावर तो कुठे आहे हे बोटाला समजत नाही; नुसती दाबून मिटवलेली कडी मात्र नखाला लगेच अडते.

प्रतिसाद – मंगळवार पेठ

925 या आकड्याविषयी थोडे स्पष्ट करतो. त्याचा अर्थ हजार भागांत 925 भाग चांदी एवढाच आहे, आणि तो ठसा कोणीही मारू शकतो. पँडोरासारख्या कंपनीच्या दागिन्यावर ‘एस925 एएलई’ असा ठसा असतो, पण नक्कल करणारे तोही उतरवतात. टिफनीने 2004 मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या नावाचे चांदीचे दागिने विकत घेऊन तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे 73 टक्के बनावट निघाल्याचे कंपनीने न्यायालयात मांडले होते. त्या सगळ्यांवर नाव तर होतेच.

आपल्याकडे 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कसोबत (शुद्धतेच्या अधिकृत ठशासोबत) सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देण्याची व्यवस्था सुरू झाली असून तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. चांदीसाठी हॉलमार्क ऐच्छिक आहे, त्यामुळे परदेशी दागिन्यावर तो नसला म्हणून दागिना खोटा ठरत नाही. आणि असला तरी तो शुद्धतेची ग्वाही देतो, डिझायनरची नव्हे. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका, कारण तांबे आणि पितळही चुंबकाला चिकटत नाहीत.

घरी करण्याजोगी चांगली परीक्षा पाण्याची. आधी दागिन्याचे वजन करा. मग पाण्याचे भांडे डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि दागिना दोऱ्याने लटकवून तळाला वा काठाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर त्याचे आकारमान. वजनाला त्याने भागल्यास 925 चांदीचे उत्तर 10.3 ते 10.4 च्या जवळपास येते. तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर असले तरी चांदी नसलेला मिश्रधातू) हे तिन्ही 9 च्या आत राहतात. पोकळ किंवा खडे बसवलेल्या दागिन्याला ही परीक्षा लागू पडत नाही.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री पाण्याची परीक्षा केली: वजन 33.2 ग्रॅम, बुडवल्यावर काट्यावर 3.2, म्हणजे भागाकार 10.4 च्या आसपास. चांदी खरी आहे. मात्र साखळीतील चार कड्या नखाला अडल्या, आणि पावती मागितल्यावर विक्रेत्याने ‘भेट आलेली वस्तू होती’ असे कळवले, जे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नव्हते. मी पैसे परत मागणारे पत्र ईमेलने पाठवले आहे. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

हुपरीचा कारागीर

तोपर्यंत ब्रेसलेट मोडीत घालू नका आणि पॉलिशही करून घेऊ नका. पॉलिशने छिद्रे बुजतात, आणि तुमच्या हाती असलेला पुरावा तोच आहे.