रात्री गाडी कुठे लावता? रस्त्यावरच्या परमिटचे अनुभव लिहा

वाड्यातला

नमस्कार मंडळी. विषय रटाळ वाटेल पण आमच्याकडे सध्या दुसरं काही चालूच नाहीये. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून बिल्डिंग झाली, बिऱ्हाडं १४ आणि पार्किंग ६, चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांची निघाली ते सुखी आणि बाकीचे आठ जण रोज रात्री रस्त्यावर. आठातला एक मी.

समोरच्या काकांनी रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात एक पाइप उभा केलाय, तो डबा त्यांच्या गेटशेजारी रस्त्यावर असतो. रस्ता म्हणजे रस्ताच हां, त्यांची जागा नाही. परवा रात्री साडेदहाला धो धो पाऊस, दोन चकरा मारून झाल्या होत्या, शेवटी मी डबा उचलून बाजूला ठेवला नि गाडी लावली. सकाळी बघतो तर दोन्ही वायपर उभे आणि काचेवर कागद, 'ही पद्धत नव्हे'. बास, एवढंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आता गल्लीत टूम निघालीये की रहिवाशांना वर्षाचं परमिट द्या, पैसे घ्या पण रात्रीचं काहीतरी ठरवा. २०१८ चं पुण्याचं पार्किंग धोरण आठवत असेल, मंजूर झालं, बोंबाबोंब झाली आणि शेवटी प्रयोगापुरते पाच रस्ते उरले. मग २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री म्हणाले पार्किंग दाखवल्याशिवाय नवी गाडी रजिस्टर होणार नाही. नवीचं ठीक आहे, ज्या आहेत त्या काय खिशात ठेवायच्या?

तर ज्यांच्या गावात रात्रीचं परमिट आहे त्यांनी लिहा. कसं मिळतं, परमिट असून जागा मिळते का, आणि शेजाऱ्यांशी बोलणं राहतं का. तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

थंडीला_वैतागलेली

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी अमेरिकेत मिलवॉकीत राहते, माहेर नारायण पेठ, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. इथे पहाटे २ ते ६ रस्त्यावर गाडी ठेवायची तर रात्रीचं परमिट लागतं, चार महिन्यांचं किंवा वर्षाचं काढायचं. आणि परमिट असलं तरी वर आपलं पी वन पी टू आहेच! सम तारखेला सम नंबरच्या घरांची बाजू, विषमला विषम. मला पहिल्यांदा ऐकून इतकं हसू आलं, म्हटलं हे तर मी लहानपणापासून करतेय, बाबा रोज सकाळी कॅलेंडर बघून ॲक्टिव्हा पलीकडे न्यायचे.

हसू पहिल्याच महिन्यात जिरलं. एका मैत्रिणीकडून जेवून रात्री साडेबाराला परत आले, तारीख बदललेली होती म्हणून शहाणपणाने नव्या तारखेच्या बाजूला गाडी लावली आणि सकाळी तिकीट. कारण रात्रीची तारीख म्हणजे बारा वाजायच्या आधीची तारीख. म्हणजे १४ ची रात्र ही पहाटे सहापर्यंत १४ चीच. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली बरोबरच आहे की, आपल्याकडे तरी तिथी कुठे बारा वाजता बदलते. आणि ३१ नंतर १ तारीख आली की दोन रात्री एकच बाजू, तेव्हा अख्खी गल्ली गोंधळलेली असते.

जागा मिळते का? परमिट म्हणजे जागा शोधायची परवानगी, एवढंच. थंडीत तर आणखी मजा, डिसेंबरपासून बस जाते त्या रस्त्यांवर रात्री लावताच येत नाही म्हणून तिकडच्या गाड्या आमच्या आतल्या गल्लीत शिरतात, वर बर्फाचा नांगर फिरला की गाडीच्या कडेला गुडघाभर ढीग, तो सकाळी दगड झालेला असतो. मी डिकीत फावडं आणि मांजराची वाळू ठेवते, चाकाखाली टाकायला. मांजर नाहीये माझ्याकडे.

टपरीवरचा

मांजराची वाळू 😂 इकडे आम्ही चाकाखाली वीट लावतो तीही चोरीला जाते.

क्वीन्समधला दादा

न्यूयॉर्क. आमच्याकडे रहिवासी परमिट नावाचा प्रकारच नाही, कोणीही यावं आणि लावावं. ज्या दिवशी झाडूगाडी येते त्या बाजूच्या सगळ्या गाड्या दीड तास पलीकडे डबल पार्क, आणि निम्मे लोक गाडीत बसून. मी थर्मासमध्ये चहा नेतो, ऑफिसच्या निम्म्या मीटिंगा तिथेच होतात. एक गोष्ट मात्र सांगतो, दिवाळीला हा गाडी हलवायचा नियम सस्पेंड असतो, शहराच्या अधिकृत कॅलेंडरात दिवाळीचं नाव आहे. त्या दिवशी गाडी न हलवता फराळ करायचा यासारखं सुख नाही.

निशीकासाईकर

टोकियोचं ऐकून मंत्रिमहोदयांना आनंद होईल. इथे तो नियम १९६२ पासून आहे. गाडी घ्यायच्या आधी पोलीस स्टेशनात अर्ज द्यायचा, घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा हवी, जागेचा नकाशा स्वतः काढायचा, लांबी रुंदी लिहायची, जागा भाड्याची असेल तर मालकाचं पत्र. मग जागा खरंच आहे का ते बघून जातात. मी नकाशात शेजारचं मंदिर पण काढलं होतं, बायको म्हणाली चित्रकलेच्या परीक्षेला बसलायस का. पूर्वी मागच्या काचेला एक गोल स्टिकर मिळायचं, २०२५ च्या एप्रिलपासून ते बंद झालं.

रस्त्यावर रात्री ८ तासांपेक्षा जास्त गाडी ठेवणं हाच कायद्याने गुन्हा, त्यामुळे परमिटचा प्रश्नच येत नाही. रात्री आमच्या गल्लीत उभं राहिलं तर दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेषा दिसतात. पुण्यातून आलेल्या माझ्या सासऱ्यांना ते बघून कसंतरीच झालं, म्हणाले कर्फ्यू लागलाय का. पण मी जागेला महिन्याला २५ हजार येन मोजतो आणि गाडी रविवारीच निघते. शेवटी विकतोय.

वाड्यातला

निशीकासाईकर, आमच्याकडे दोन किलोमीटरच्या आत जागा म्हटलं तर लोक पर्वतीचा पायथा दाखवतील.

हिंदू कॉलनी, तिसरी गल्ली

दादरला परमिट बिरमिट काही नाही पण व्यवस्था आहे, ती कुठे लिहिलेली नाही. रात्री उशिरा येणाऱ्याने आतल्या गाडीसमोर आडवी लावायची, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चाकं सरळ, डॅशबोर्डवर मोबाइल नंबर. पहाटे ज्याला एअरपोर्टला जायचंय तो ढकलून वाट काढतो. वॉचमनकडे खिळ्याला आठदहा गाड्यांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात, त्याला लायसन नाही पण आमच्या गल्लीत त्याच्याइतकी रिव्हर्स कोणी घेत नाही. पाच सेकंदांत. नव्या ऑटोमॅटिक गाड्यांनी घोळ घातलाय, पार्कमध्ये टाकून जातात, मग हलत नाही की डुलत नाही आणि सकाळी सहाला हॉर्न.

२०१९ च्या जुलैत सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी दिसली तर चारचाकीला १० हजार दंड असा नियम आला होता. आमच्याकडे लोक टेप घेऊन मोजायला निघाले होते, आणि अंतर सरळ रेषेत धरायचं की चालत यावर नाक्यावर दोन रात्री चर्चा.

बस_जिंदाबाद

माझ्याकडे गाडी नाही. मी माझं जुनं कपाट रोज रात्री रस्त्यावर ठेवलं तर चालेल का? विचारून ठेवते.

टपरीवरचा

ताई कपाटाला पीयूसी लागेल.

बंगळूरकर मराठी

इथल्या सरकारने २०२१ मध्ये नवं पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यात हेच आहे, रस्त्यावर लावायचं वार्षिक परमिट, छोट्या गाडीला १ हजार आणि मोठ्या एसयूव्हीला ५ हजार. वर्षाला बरं का, महिन्याला नाही. आमच्या गल्लीत अजून कोणाकडे ते पाहिलं नाही. कुंड्या मात्र भरपूर पाहिल्या, गेटबाहेर रस्त्यावर ओळीने, तुळस सुद्धा. तुळस हलवणार कोण?

टोरोंटोची काकू

परमिट आहे आमच्याकडे, सहा सहा महिन्यांचं. आणि दर सगळ्यांना सारखा नसतो ते मला फार आवडलं, घराला स्वतःची जागा असेल आणि तरी रस्त्यावर लावायची असेल तर जास्त पैसे. आमच्या शेजाऱ्याचं गॅरेज जुन्या सोफ्यांनी भरलंय म्हणून तो जास्त भरतो, तक्रार करतो, पण सोफे काढत नाही.

पाहुण्यांसाठी एका दिवसाचं, दोन दिवसांचं किंवा आठवड्याचं तात्पुरतं परमिट ऑनलाइन मिळतं, छापून डॅशबोर्डवर ठेवायचं. माझे दीर ऑटव्याहून आले, गप्पा रंगल्या, मी म्हटलं भावजी परमिट काढते, ते म्हणाले अगं वहिनी एका रात्रीने काय होतंय. झालं. सकाळी पोह्यांबरोबर तिकीट. भरलं त्यांनीच पण अजून दर गणपतीत ती गोष्ट निघते आणि दर वेळी दंड वाढलेला असतो.

खुर्चीवाला

वाड्यातला, तुमच्या काकांचा डबा वाचून मला शिकागो आठवलं. तिथे बर्फ उपसून मोकळी केलेली जागा लोक घडीची खुर्ची ठेवून धरतात, त्याला डिब्ज म्हणतात, कायद्यात बसत नाही पण खुर्चीला हात लावायची हिंमत होत नाही. मी एकदा बघितलं, खुर्च्या नव्हत्या तर इस्त्रीचं टेबल होतं, त्यावर चक्क प्लास्टिकची फुलं. शिवाय १ डिसेंबर ते १ एप्रिल मोठ्या रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ गाडी बंद, बर्फ पडो न पडो. नवीन आलेला हमखास फसतो, आकाश निरभ्र आणि गाडी गायब.

परमिटच्या झोनमध्ये राहत असाल तर पाहुण्यांसाठी १५ पासांचा संच विकत मिळतो, एक पास २४ तास. आमच्या वेळी त्यावर तारीख पेनाने लिहायची असे. माझ्या मुंजीच्या वेळी... सॉरी मुलाच्या मुंजीच्या वेळी दोन संच संपले.

वाड्यातला

सगळ्यांचे आभार, अजून लिहा. काल काकांकडे गेलो होतो, वायपरचं काही बोललो नाही, त्यांनीच चहा टाकला. मला वाटत होतं त्यांची गाडी भाच्याकडे वगैरे असेल. तर काकांकडे गाडीच नाही! डोळ्याच्या ऑपरेशननंतर विकून टाकली. डबा मुलासाठी आहे, तो बाणेरहून शनिवारी जेवायला येतो, आणि गेल्या दिवाळीत अर्धा तास जागा शोधून न मिळाल्यामुळे खालूनच डबा घेऊन परत गेला होता. फराळाचा डबा म्हणतोय मी, सिमेंटचा नाही.

आता गल्लीच्या परमिटच्या अर्जाचा मसुदा मी लिहिलाय त्यात पहिलंच वाक्य 'वाहनधारक रहिवासी' असं आहे. खुर्चीवाले, ते १५ पासांचं गाडी नसलेल्या माणसाला मिळतं का हो? आज शनिवार आहे, आत्ता आठ वाजलेत, मी दुसरी चकर मारतोय आणि तिथे जागा मोकळी आहे.