मंडळाची बेंडिगो (ऑस्ट्रेलिया) सहल, २०१६ : मेरिलिन मन्रोच्या पोशाखांसाठी एक तास पुरेल का?

प्रेषक : सहल समिती
बसची आगाऊ रक्कम भरली असल्यामुळे तारीख बदलता येणार नाही. सकाळी मेलबर्नहून निघून अकराला बेंडिगो आर्ट गॅलरीतले मन्रोचे प्रदर्शन, बाराला जेवण आणि एकपासून सेंट्रल डेबोरा सोन्याची खाण, असा बेत आहे. खाणीसाठी नावे उद्या द्यायची आहेत, तेव्हा सूचना आजच कळवाव्यात.

प्रेषक : नाट्यविभाग
ज्या प्रदर्शनासाठी आपण दीडशे किलोमीटर जाणार, त्याला जेमतेम एक तास आणि खाणीला अख्खी दुपार, हे मला मुळीच मान्य नाही. साठ वर्षांच्या रेशमावर प्रकाश पडत राहिला की रंग उडतो, धागा ठिसूळ होतो आणि ती हानी पुन्हा भरून येत नाही. म्हणून असे कपडे साधारण ५० लक्स (प्रकाश मोजायचे एकक) इतक्याच मंद प्रकाशात मांडतात आणि बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर नजर सरावायला वेळ द्यावाच लागतो. २०१२ साली अभिनेत्री ग्रेस केलीच्या पोशाखांच्या प्रदर्शनातून आपली निम्मी मंडळी ‘अंधारच फार’ म्हणत बाहेर आली होती. वेशभूषाकार विल्यम ट्रॅव्हिला यांनी मन्रोसाठी केलेले कपडे पडद्यावर अगदी सहज ल्यायल्यासारखे दिसतात, पण त्यामागचे काम फार कष्टाचे आहे. ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मधल्या (१९५३) त्या गुलाबी सॅटिनच्या पोशाखाला आतून फेल्ट (दाबून केलेले जाड कापड) लावलेले होते, म्हणून इतके नाचूनही त्याचा आकार ढळत नाही. पाठीवरचा तो भलामोठा बोही ताठ दिसतो. अशी कारागिरी शिवणीशी थांबून, बाजूने आणि मागून पाहावी लागते. त्याला दोन तास तरी हवेत.

प्रेषक : ज्येष्ठ गट
ताई, प्रकाशाचे पटले. आमची अडचण गॅलरीच्या रस्त्याच्या, म्हणजे व्ह्यू स्ट्रीटच्या, चढाची आहे. बस गॅलरीच्या दाराशी उभी राहणार की खाली सोडणार, हे समितीने आधी सांगावे. दोन तास उभे राहणेही आम्हाला जमणार नाही, तेव्हा आत बसायची सोय विचारून ठेवावी. जपणुकीवरून आठवले : आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली मिळालेले ऑस्कर २०१२ साली अकादमीकडे परत सोपवले, कारण आपल्यामागे ते तिथेच सुरक्षित राहील असे त्यांना वाटले. मला त्या निर्णयाचे तेव्हा वाईट वाटले होते. आता वाटत नाही.

प्रेषक : कोषाध्यक्ष
काकांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने १९७० साली आपले कपडेपट लिलावात काढले, तेव्हा अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांनी पदरमोड करून शेकडो पोशाख विकत घेतले आणि संग्रहालयासाठी अनेक वर्षे खटपट केली. नव्वदच्या दशकात लास व्हेगासमध्ये ते काही काळ चालले, पण टिकले नाही. २०११ साली त्यांना संग्रह विकावा लागला आणि त्यातला मन्रोचा ‘सेव्हन इयर इच’मधला पांढरा चुणीदार पोशाख ४६ लाख डॉलरच्या बोलीला गेला. मंडळाचे शालू मात्र अजून खिडकीशी टांगलेले आहेत.

प्रेषक : नाट्यविभाग
शालूंची व्यवस्था नाट्यविभाग पाहतो आणि मागच्या महिन्यातच ते सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. कृपया वेळेविषयी बोलावे.

प्रेषक : एक सभासद
मुलांना मन्रोचा तो आठ मीटरचा पुतळा पाहायचा आहे. फोटोसाठी थांबणार का?

प्रेषक : सहल समिती
पुतळा उघड्यावर असल्यामुळे तिथे फोटो जेवणानंतर काढता येतील. आत फ्लॅश कोणीही वापरू नये. खाण आम्हीच सुचवली होती, त्यामुळे ती गाळणे जिवावर येते, पण ताईंचे म्हणणे रास्त आहे. गॅलरीला अकरा ते एक असे दोन तास देऊ, जेवण एकला, आणि खाणीऐवजी परतीची बस तीनला. ज्यांना तरीही खाणीत उतरायचे आहे त्यांनी आपापल्या गाडीने यावे. चढ लक्षात घेऊन ज्येष्ठांना दाराशी उतरवण्याविषयी चालकाशी बोलतो. बसायच्या सोयीची चौकशी नाट्यविभागाने करावी.

प्रेषक : ज्येष्ठ गट
आमची नावे या बेतासाठी धरावीत. काठीसह येणाऱ्यांची यादी आज रात्री पाठवतो.