सांतोस वाचलं, पण नेमारच्या गुडघ्याचं काय?

डाव्या पायाचा
डिसेंबर २०२५ मध्ये नेमारनं जे केलं ते फुटबॉल बघणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल. सांतोस ब्राझीलच्या पहिल्या श्रेणीतून खाली जायच्या बेतात, याच्या डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) दुखावलेला, आणि हा पठ्ठ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलून मैदानात. जुवेंतुदेविरुद्ध तीन गोल. क्लब वाचला, हंगाम संपला आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी गुडघा उघडला. माझ्या फोनवरचे सगळे ग्रुप ‘याला म्हणतात निष्ठा’ या छापाच्या मजकुरानं भरून वाहत होते.

मला नाही आनंद झाला. हा तोच गुडघा आहे जो १७ ऑक्टोबर २०२३ ला मोंतेविदेओत उरुग्वेविरुद्ध गेला होता, एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट) आणि मेनिस्कस दोन्ही. माझं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या खेळाडूची कारकीर्द दुखापत संपवत नाही, घाई संपवते. आणि त्या घाईत क्लब, देश यांच्या जोडीला आपण चाहतेही असतो. २०१८ चं बघा. फेब्रुवारीत पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून खेळताना उजव्या पावलाचं हाड मोडलं, मार्चमध्ये शस्त्रक्रिया, जूनमध्ये विश्वचषक. सगळा ब्राझील दिवस मोजत बसला होता. तो आला, अर्धवट तयारीनं खेळला, उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमनं घरी पाठवलं. जानेवारी २०१९ मध्ये तेच हाड पुन्हा गेलं.

ब्राझीलचा थोरला रोनाल्डो, इंटर मिलानवाला, हे याहून ठळक उदाहरण. नोव्हेंबर १९९९ मध्ये उजवा गुडघा गेला. १२ एप्रिल २००० ला इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत लाझिओविरुद्ध त्याला उतरवलं. जेमतेम सहा-सात मिनिटं. कुणी हातही न लावता तो कोसळला, वाटीखालचा टेंडन तुटला होता. त्यापुढचा अख्खा हंगाम तो बाहेर होता. आणि मग २००२ च्या विश्वचषकात आठ गोल, अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचे. माणूस तोच, गुडघाही तोच. दुसऱ्या वेळी त्याला वेळ मिळाला, एवढाच फरक.

---

ऑफसाइड अण्णा
साफ असहमत. नेमार तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, दुधखुळा नव्हता. ज्या क्लबात लहानाचा मोठा झाला तो बुडत असताना गुडघा जपून काय त्याचं लोणचं घालायचं होतं? कारकिर्दीच्या शेवटी गुडघे असतातच कशाला?

आणि तुमची ‘घाई’ची उपपत्ती तुमच्याच नायकावर लागू पडत नाही. मोंतेविदेओनंतर तो किती थांबला? २१ ऑक्टोबर २०२४ ला अल ऐनविरुद्ध परतला, म्हणजे वर्षाहून जास्त. सौदीच्या अल हिलाल क्लबनं सुमारे नऊ कोटी युरो मोजून आणलेला खेळाडू वर्षभर बसवून ठेवला, कुणी हूं की चूं केलं नाही. तरी परतल्यावर दुसऱ्याच सामन्यात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावला. जानेवारी २०२५ मध्ये करार संपवला तेव्हा हिशेब काय, तर अवघे सात सामने. आता यात घाई कुणाची दाखवताय?

---

डाव्या पायाचा
अण्णा, वर्षभराची विश्रांती हाच मुळी आधीच्या दहा वर्षांचा हप्ता होता. पाठीचा मणका, पावलाचं हाड, दोन्ही घोटे. त्याला फाऊल किती व्हायचे तेही धरा. शरीर एकेका दुखापतीचा वेगळा हिशेब ठेवत नाही.

---

घोटा-गुडघा-खुबा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

एसीएल तुटला की बहुतेकदा तो शिवत नाहीत. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा किंवा वाटीखालच्या टेंडनचा तुकडा काढून त्या जागी बसवतात. गंमत अशी की हा बसवलेला तुकडा सुरुवातीच्या महिन्यांत मजबूत होण्याऐवजी आधी कमकुवत होतो, आणि मग सावकाश लिगामेंटसारखा बनत जातो. पेशंटचं दुखणं मात्र तीन-चार महिन्यांत जवळपास गेलेलं असतं. जिने चढतो, हलकं धावतो, घरचे म्हणतात बरा झाला. सगळ्यात जास्त भीती मला याच टप्प्याची वाटते. नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांना पुन्हा गुडघा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि तो कधी कधी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला असतो.

पण अण्णांचा मुद्दा सोडून देता येत नाही. नेमारनं थांबायचं तेवढं थांबूनही हॅमस्ट्रिंग गेली, हे आम्हाला नवीन नाही. वर्षभर सामना न खेळलेल्या स्नायूला सरावात कितीही पळवा, सामन्यातली ती एक अचानक झेप सरावात येतच नाही. म्हणजे घाई केली तर लिगामेंट जातो, थांबलं तर स्नायू कुरकुरतो. सरसकट ‘वेळ दिला की झालं’ हे धागाकर्त्यांचं म्हणणं मला पटत नाही. रोनाल्डो २००२ मध्ये जिंकला म्हणून आपण त्याचं नाव घेतो. तेवढंच थांबून परत कधीच न दिसलेले कितीतरी असतील.

---

वाशीवाला
कुणी आमच्या बाजूनं बोलेल का? ऑगस्ट २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला आणि मुंबई सिटीच्या गटात अल हिलाल आलं. नेमार! आमच्या गावात! त्यानंतर मोंतेविदेओ झालं. ६ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलवर सामना होता, त्याच्या काही दिवस आधी नेमार बेलो होरिझोन्तेत ऑपरेशन टेबलावर.

मी तरी गेलो. अल हिलालकडून बोनो गोलमध्ये, कुलिबाली मागे, नेवेस मधे, मित्रोविच पुढे. मुंबईची पोरं पहिला हाफभर टिकली, आधीच्या सामन्यात रियाधला सहा गोल खाल्ले होते त्या मानानं झकास खेळली, शेवटी ०-२. मॅच चांगली झाली. पण शेजारी एक बाप पोराला घेऊन आलेला, पोराच्या अंगात ब्राझीलचा पिवळा दहा नंबर. ते पोर कुणाला बघायला आलं होतं? चाहत्याला वाईट वाटलं की लगेच तो खेळाडूचा रक्तपिपासू ठरतो, हे बंद करा. आमची हळहळ खरी असते.

---

डाव्या पायाचा
हळहळीवर माझा आक्षेप नाहीच. ती फार लवकर रागात बदलते, त्यावर आहे. ४ जुलै २०१४, फोर्तालेझातला विश्वचषकाचा सामना. कोलंबियाच्या झुनिगाचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला, मणक्याला फ्रॅक्चर. त्यानंतर झुनिगाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, वर्णावरून शिव्या आल्या. ते सगळं ‘प्रेम’ करणाऱ्या चाहत्यांनीच केलं. चार दिवसांनी उपांत्य सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी ब्राझीलचे खेळाडू नेमारची जर्सी हातात धरून उभे होते, जणू माणूस गेला आहे. तो घरी टीव्ही बघत होता हो! त्या अवस्थेत खेळायला उतरलेला संघ जर्मनीकडून १-७ हरला.

---

ऑफसाइड अण्णा
तो सामना नेमारच्या नसण्यानं हरले ही दंतकथा आहे. सात गोल *खाल्ले*. नेमार काय बचावफळीत खेळतो? त्या दिवशी दोन कार्डांमुळे थिआगो सिल्वा बाहेर होता. खरं भगदाड तिथे पडलं. पण कर्णधार-बचावपटूच्या नावानं कुणी रडत नाही. दुखापतीपेक्षा दुखापतीची गोष्ट मोठी होते ती अशी.

---

झारीतला मेस्सी
मी अर्जेंटिनावाला, म्हणून गप्प बसलो होतो. पण ‘तो घरी टीव्ही बघत होता हो’ याला एक लाइक.

---

कॉर्नरवाली
एवढ्या प्रतिसादांत नावं सगळी पुरुष खेळाडूंचीच. २०२३ च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडच्या लिया विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची मिडेमा, तिघीही एसीएलमुळे नव्हत्या. त्याआधी जुलै २०२२ मध्ये युरो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा गुडघा सरावात गेला, तेव्हा ती बॅलन डी’ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेती होती. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणाच्या ग्रुपवर शोक झाला?

मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त असतो असं अभ्यास सांगतात. कारणांमध्ये शरीररचना येते, हार्मोन्स येतात, पण पुरुषांच्या पायासाठी बनवलेले बूट, हलक्या दर्जाची मैदानं आणि ताकदीच्या व्यायामाकडे दुर्लक्ष हेही येतं. मी कॉलेजला खेळायचे तेव्हा आमच्या संघाला जिम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ‘घाई’ हा शब्द स्टारच्या वाट्याला तरी येतो. आमच्याकडे परतायची घाई करायला कुणी वाट बघणारं लागतं ना.

---

पेठेतला बॅक
कॉर्नरवाली ताई, एकदम बरोबर. कोल्हापुरातनं बोलतोय. आमच्यात वर्ल्डकप आला की गल्लीच्या या टोकाला ब्राझील, त्या टोकाला अर्जेंटिना, नेमारचे कटआऊट विजेच्या तारंला लागतेत. पण शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमकडनं खेळणाऱ्या पोराचा गुडघा गेला की काय होतं सांगू? दोन दिवस गल्ली घरी येती. मंडळ वर्गणी काढतंय, थोडीफार. एमआरआयचा खर्च ऐकूनच घरचे म्हणतेत आता बास, कामाला लाग. हळद लावून, पट्टा बांधून पुढच्या सीझनला उतरलेली पोरं बघितल्यात मी.

आणि तिकडं फिफाची योजना हाय: देशाकडनं खेळताना खेळाडू जखमी झाला आणि अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर क्लबला पगाराची भरपाई, पंच्याहत्तर लाख युरोपर्यंत. म्हणजे नेमारचा गुडघा गेला तरी अल हिलालच्या खिशाला विमा व्हता. अण्णा, तुम्ही म्हणताय तेहतीस वर्षांचा व्हता, त्याचं त्यानं ठरवावं. ठरवू दे की. ठरवायला मागं पैसा असतोय त्याच्या. आमच्या पोराला कोण विचारतंय?

---

ऑफसाइड अण्णा
याला उत्तर नाही माझ्याकडे, आणि उगाच काढतही नाही. पण मूळ वादावर एक शेवटचं. नेदरलँड्सचा गोल करणारा व्हॅन बास्टेन. घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या, दोन वर्षं परतायची धडपड केली, तरी मे १९९३ ची म्युनिकची चॅम्पियन्स लीग फायनल हाच त्याचा शेवटचा सामना ठरला. तेव्हा वय अठ्ठावीस. त्याला वेळ मिळाला नव्हता असं म्हणता येईल का?

---

डाव्या पायाचा
अण्णा, तुम्ही त्याची सुरुवात वगळलीत. घोट्याचं दुखणं १९८६ पासूनचं, अयॅक्स क्लबातलं. तेव्हा प्रशिक्षक क्रायफनं त्याला काही सामने सोडायची मुभा दिली, पण युरोपातले खेळायचेच अशा बोलीवर. १९८७ च्या कप विनर्स कपच्या फायनलमध्ये गोल त्याचाच होता. तेव्हा दिलेली किंमत १९९३ मध्ये वसूल झाली.

आणि आजचं वेळापत्रक त्याहून वाईट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटी आणि स्पेनचा रोद्री जाहीरपणे म्हणाला की खेळाडू संपाच्या जवळ आलेत. त्याआधीच्या हंगामात क्लब आणि देश धरून साठहून अधिक सामने खेळला होता तो. त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध एसीएल. पुढच्याच महिन्यात बॅलन डी’ऑर घ्यायला कुबड्या घेऊन गेला.

---

घोटा-गुडघा-खुबा
रोद्रीच्या बाबतीत सामन्यांच्या संख्येमुळेच लिगामेंट तुटला असं छातीठोक सांगता येणार नाही, थकवा हे अनेकांतलं एक कारण. एवढं मान्य.

@पेठेतला बॅक, तुमच्या पोरांसाठी, बिनखर्चाचं: परत खेळवण्याआधी एका पायावर उडी मारून अंतर मोजा, दोन्ही पायांचं. दुखावलेला पाय निदान नव्वद टक्के तरी यायला हवा. त्यानं सगळा धोका कळत नाही, पण जो पाय यातच नापास होतो तो मैदानावर नको. आणि सुजलेला गुडघा बांधून उतरणं तर अजिबात नाही. खेळणाऱ्या सगळ्यांनाच सरावाआधी पंधरा-वीस मिनिटांचा फिफा ११+ वॉर्मअप द्या, त्याला खास साहित्य लागत नाही.

---

पेठेतला बॅक
ताई, उडीचं मंडळात सांगतो. आमचे कोच काय म्हणतील तेबी माहीत हाय: ‘नापास झाला तर फायनल कोण खेळणार, तुझी ताई?’