पेन नास्तिक नव्हता

वर एकांनी लिहिलंय की अठराव्या शतकातला इंग्रज-अमेरिकन विचारवंत थॉमस पेन नास्तिक होता, म्हणून तो बायबलवर तुटून पडला. हे खरं नाही. बायबलवर टीका करणाऱ्या 'एज ऑफ रीझन' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो, माझा एका देवावर विश्वास आहे. १७९३ साली पॅरिसमध्ये पहिला भाग लिहिताना त्याला काळजी होती ती फ्रेंच लोक चर्चबरोबर देवालाही सोडतील याची. (जोतिराव फुल्यांनी पेन वाचला होता, त्यांचा 'निर्मिक', म्हणजे सृष्टीचा निर्माता, समजून घ्यायलाही हा वाद माहीत हवा.)

त्याचा मुद्दा साधा आहे. देव एखाद्याशी बोलला, तर तो साक्षात्कार त्या एकट्यापुरता. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ती ऐकीव गोष्ट झाली. ती मानायला मी बांधील का? मला हे आजही बिनतोड वाटतं.

पण लँडॅफचे बिशप रिचर्ड वॉटसन यांनी १७९६ मध्ये दिलेलं उत्तर डावलू नका. पेन विचारतो, बायबलमध्ये कनानी लोकांची लेकरंबाळं मारायला सांगणारा देव न्यायी कसा? वॉटसन उलट विचारतात, भूकंपात तान्ही मुलं गाडली जातात, तो निसर्ग तुमच्याच देवाने घडवला ना? सृष्टी हाच देवाचा ग्रंथ मानणारा डीइस्ट (देव मानणारा, पण साक्षात्कारी धर्मग्रंथ न मानणारा) इथे खरोखर अडकतो. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ जोसेफ बटलर यांनी हा धागा १७३६ मध्येच पकडला होता.

तरीही मी पेनच्या बाजूचा. भूकंप कुणाच्या हातात तलवार देऊन 'त्या पोराला मार' असं सांगत नाही.